अण्णांची टिकटिक

बातमी फोनवरच आली. वहिनी म्हणाल्या, "सुधा, अण्णा गेले गं... पेपर वाचता वाचता मान टाकली," आणि पुढे नुसतं रडणं. मला खरंच वाटेना. आदल्या संध्याकाळी इंदिरानगरच्या ऑफिसात आम्ही दोघं चांगले कडाडून भांडलो होतो. मी निघताना ते म्हणाले, "उद्या बोलू." बसच्या घाईत मी मागे वळूनही पाहिलं नाही.

विनूअण्णा आमचे टीमप्रमुख, वहिनी त्यांच्या पत्नी. घराणं मूळ साताऱ्याचं, पण तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं; बोलताना 'सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे जरा, असं कानडी हटकून यायचं. आम्ही एसटीडी बूथची मीटरं बनवायचो आणि भांडण होतं एका आवाजावरून. पुढचे पैसे चढायच्या आधी मशीननं बारीक टिकटिक करावी, हा अण्णांचा हट्ट. बूथवाल्यांना ती नको होती; आवाज ऐकून गिऱ्हाईक फोन ठेवेल म्हणायचे. साहेब त्यांच्याच बाजूचे, आणि मीही. "अण्णा, मशीन विकत घेणार बूथवाला. त्याला नको ते कशाला?" "सरी सरी, शहाणे! आधी स्वल्प तिथे उभी राहा, मग अक्कल शिकव," म्हणत त्यांनी मला के. आर. पुरम स्टेशनसमोरच्या बूथवर नेलं. आत एक बाई गावाकडे लेकीशी बोलत होती, डोळे सगळे मीटरच्या लाल आकड्यांवर. आकडा बदलला तशी दचकली आणि वाक्य अर्धंच टाकून तिनं रिसीव्हर आपटला. अण्णा हळूच म्हणाले, "ही बोलली कुठे? नुसती भीत होती. निरोप घ्यायला तरी सवड द्या तिला. धीर आला की पुन्हा येईल, बूथवाल्याचाही तोटा नाही." तरी ऑर्डरी हातच्या जातील म्हणून मी अगदी त्या संध्याकाळपर्यंत वाद घालतच राहिले.

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "आता ती टिकटिक काढून टाकू." माझ्या तोंडून निघालं, "आधी स्वल्प तिथे उभे राहा." बोलले मी, बोल मात्र अण्णांचे. साहेब त्या बूथवर आले, बोलणाऱ्यांकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. टिकटिक राहिली. चाचणीचं मशीन त्याच बूथवर लागलं.

परवा तिथूनच पुण्याला आईला फोन केला. बोलता बोलता कानाशी टिकटिक झाली आणि मी चटकन मागे वळले... काचेबाहेर रांगेतली माणसं, दुसरं कोण असणार! "आई, जपून राहा, ठेवते हं," म्हणाले, नीट, सवडीनं. रिसीव्हर ठेवला आणि तिथेच रडू फुटलं. साऱ्या गावाला निरोपाची सवड मिळावी म्हणून भांडला हा माणूस, आणि त्याला जाताना एवढीशी टिकटिक नाही! मला तरी कुठे ऐकू आली... आली असती तर त्या संध्याकाळी वळून "येते, अण्णा" एवढं तरी म्हटलं असतं.