तात्पुरते नावाचा फोल्डर

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्याला सगळे गाळणी म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. रोजचा बॅकअप त्याच्याकडे होता. कशाची प्रत ठेवायची नाही, याची यादी त्याने स्वतः केली होती: डाउनलोड, कचरापेटी, 'तात्पुरते' नावाचं काहीही, डॉक्टरांच्या सहलींचे फोटो. "अर्धं हॉस्पिटल कचरा जपतंय," तो म्हणायचा. नऊ तासांचा बॅकअप त्याने दोन तासांवर आणला, तेव्हा साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली होती.

तळमजल्यावर स्पीच थेरपीच्या ताई बसत. आजारामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढायचं असे, त्यांची वाक्यं त्या ऑपरेशनआधी रेकॉर्ड करून ठेवत. जखम भरली की ती टॅबवर घालून देत. मग माणसाने बोट ठेवलं की त्याचाच आवाज बोले. तोवर सगळं 'तात्पुरते' नावाच्या फोल्डरमध्ये असे.

एकदा जिन्यात त्यांनी त्याला विचारलं, "दादा, माझ्या फोल्डरचा बॅकअप होतो ना?"

नाव ऐकून तो हसला. "तुम्हीच तात्पुरतं म्हणताय, ताई. मी कशाला जन्मभर सांभाळू?"

"मग नाव बदलते."

"आता हात लावू नका त्याला. अर्ज द्या, बघतो."

अर्ज त्यांनी त्याच दिवशी दिला. तो त्याच्या टेबलावर सात आठवडे पडून होता. आठव्या आठवड्यात डिस्क गेली. बाकी सगळं त्याने दुपारपर्यंत परत आणलं.

जे आलं नाही, त्यात एका शिंप्याची दोनशे बारा वाक्यं होती. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. "सांगायला तुम्हीही चला," ताई म्हणाल्या, म्हणून तो गेला.

शिंपी खाटेवर बसला होता, मांडीवर पाटी घेऊन. बायकोने टॅबला घरी शिवलेली पिशवी घातली होती. ताईंनी कसंबसं सांगितलं.

"एवढंच ना? मग पुन्हा करून घेऊ की रेकॉर्डिंग," बायको म्हणाली.

ताईंची नजर शिंप्याच्या गळ्याकडे गेली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं.

शिंप्याने पाटीवर लिहिलं, 'काय वाचलं?'

"बारा वर्षांचे हजेरीपट," गाळणी म्हणाला.

शिंप्याने पाटी पुसली आणि पालथी ठेवली.

चौकशी झाली. फोल्डरला भलतंच नाव दिलं म्हणून ताईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांचा अर्ज कुणाला सापडला नाही. तो त्याने आदल्या दिवशीच फाडला होता. आता आपली झोप उडणार, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

महिन्याभराने शिंप्याची बायको टॅब परत करायला आली. ताई रजेवर होत्या, म्हणून तिला त्याच्याकडे पाठवलं.

"बाकीच्यांचं तरी तुम्ही वाचवलंत, दादा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला यश आहे."

"कामच आहे आमचं," तो म्हणाला. तिची सही घेतली, टॅब पुसून कोरा केला आणि पुढच्या पेशंटसाठी चार्जिंगला लावला.