कुंदाताईची कोरडी बशी

आमच्या घरात भाजीला मीठ कमी पडलं की सगळे कुंदाताईकडे बघायचे, आणि बरोबर पडलं की आपापल्या ताटाकडे. मी तिची धाकटी जाऊ, ज्योती. शाळेत शिकवते म्हणून स्वयंपाकघरातून सुटले. फैजपूरच्या आमच्या घरातल्या नऊ माणसांचं रांधणं तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं. लग्न होऊन तिला तेहतीस वर्षं झाली होती, नवरा जाऊन अकरा. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे बोलणं अजून अहिराणीच. संध्याकाळी कणीक मळता मळता ती मध्येच थांबायची, परातीवर दोन्ही हात टेकून उभी राहायची आणि मग पुन्हा मळायला लागायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने वरणाचा थेंब जिभेला लावला होता. देवाला नैवेद्य दाखवायचा बाकी होता. सासूबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, अख्खं पातेलं म्हशीपुढच्या घमेल्यात रिकामं केलं आणि बाहेर जेवायला बसलेल्या पुरुषांना ओरडून सांगितलं, नव्या सुनेने उष्टं केलं, आता बसा उपाशी. तेव्हापासून कुंदाताईने शिजवताना काही चाखलं नव्हतं. सासूबाई गेल्या, म्हैसही विकली, तरी नाही. मिठाचा अंदाज ती वासावरून घ्यायची. तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. नसला की माझे मिस्टर प्रेमराज ताट पुढे सरकवायचे, आणि ती त्यांच्यासाठी तव्यावर दुसरं काहीतरी टाकायची.

रत्नाच्या क्लासला मी गेले ती निव्वळ हौस म्हणून. रत्ना नवऱ्याबरोबर नऊ वर्षं जपानात राहून आली होती. रावेर रस्त्यावर त्यांच्या शेतात केळी भरायची एक रिकामी शेड होती. तिथे दर रविवारी ती जपानी घरगुती स्वयंपाक शिकवायची. म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर तिकडे जाणाऱ्या पोरी यायच्या. मला एकटीला कंटाळा येईल म्हणून मी कुंदाताईला स्कूटीवर मागे बसवून नेलं.

पहिल्या दिवशी तो चिकट भात बघून ती म्हणाली, "हाई ते आजारीनं जेवण शे वं माय!" पोरी हसल्या. पण दोनतीन रविवारांत तिचा हात असा बसला की रत्ना बाकीच्यांना सांगायची, अक्कांचं बघा. आमच्या भरताच्या वांग्याच्या चकत्या ती कमी तेलात अशा परतायची की एकही मोडायची नाही. एकच गोष्ट तिला जमेना. रत्नाने प्रत्येकीला तळहाताएवढी पांढरी बशी दिली होती. तीत चमचाभर सार घ्यायचं, फुंकायचं, चाखायचं, मग मीठ ठरवायचं. सगळ्यांच्या बश्या ओल्या, कुंदाताईची कोरडी.

"अक्का, इथे कुठला देव आहे?" रत्ना एकदा वैतागून म्हणाली.

"बठ्ठं वासवरथीन समजस माले," कुंदाताई म्हणाली. सगळं म्हणे वासावरूनच कळतं. आणि बशी पुसून ठेवली, तिला काही लागलेलं नसताना.

मग एका रविवारी रत्नाने सांगितलं, जपानला जाण्याआधी या पोरी जळगावच्या ज्या वसतिगृहात राहणार, तिथे त्यांना सवय व्हावी म्हणून असा स्वयंपाक करणारी बाई हवी आहे. पगार आणि राहायला खोली. महिनाअखेरीस तिथला कारभार बघणारे नवीन सर इथे येऊन जेवून बघतील. परतताना फैजपूर जवळ येईपर्यंत कुंदाताई केळीच्या बागा बघत होती. मग मागून म्हणाली, "खोलीले मझारथीन कडी लागस का वं?"

खोलीला आतून कडी लागते का. बावन्न वर्षांच्या बाईला एवढंच विचारायचं होतं. आमच्या घरी ती स्वयंपाकघरालगतच्या पडवीत झोपायची. तिथे दारच नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ते वाटून होतं न होतं तोच माझ्या डोळ्यांपुढे चाळीस पोळ्या उभ्या राहिल्या. ही गेली तर त्या मला लाटाव्या लागणार होत्या.

परीक्षेच्या दिवशी मिसोचा नवा डबा आला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं खारं वाटण. तिकडच्या सारात मिठाऐवजी तेच घालतात. हा डबा वेगळा होता, गडद. मी सहज बोट लावून चाटलं आणि जीभ आखडली. नेहमीच्यापेक्षा दुपटीने खारट.

कुंदाताईने डबा हुंगला. कपाळाला आठी पडली. तिने पुन्हा हुंगलं. बशी उचलली, हातात धरली, एकदा दाराकडे बघितलं आणि तशीच खाली ठेवली. मग नेहमीच्या मापाने मिसो घातला. मी चार पावलांवर वांगी चिरत होते. मी काही बोलले नाही.

नवीन सरांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. माणूस सभ्य, म्हणाले, "बाकी सगळं छान आहे. पण तिकडे म्हाताऱ्यांना मीठ बेतानंच लागतं. दोन महिन्यांनी पुन्हा बघू." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याची मला भयंकर लाज वाटली.

घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि गॅस पेटवला. नऊ माणसं जेवायची होतीच. भाजीला फोडणी बसल्यावर, पाठ न वळवता, तिने विचारलं, "तू चाखेल व्हतं ना, ज्योती?"

"हो," मी म्हणाले.

"मंग सांगं काब्र नही?"

का सांगितलं नाही, ते बोलायचं सोडून मी कोथिंबीर निवडायला घेतली. तिनेच उत्तर दिलं, न चिडता, थकून. "खरं शे. मी गऊ म्हणजे बठ्ठं तुना गळामा." ती चार शिव्या घालती तर मला बरं वाटलं असतं.

मग तिने पिशवीतून ती बशी काढली. नैवेद्याचं ताट ओट्यावर रिकामंच होतं. तिने चमचाभर रस्सा बशीत घेतला, फुंकला आणि जिभेला लावला. डोळे मिटून जरा वेळ उभी राहिली. चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा चाखलं, आणि मग देवाचं ताट वाढलं.

प्रेमराजनी पहिल्या घासाला भुवया उचलल्या, हात ताट पुढे सरकवायला गेला.

"मी चाखेल शे भाऊ," ती दारातून म्हणाली. "मीठ बराबर शे." त्यांनी पुढचा घास घेतला आणि जेवण संपवलं.

पुढच्या रविवारपासून ती मला न सांगता रिक्षाने क्लासला जायला लागली. दोन महिन्यांनी सरांनी पुन्हा जेवून बघितलं, आणि ती पत्र्याची एक पेटी घेऊन जळगावला गेली. त्या संध्याकाळी मी तेविसावी पोळी लाटत होते, तेव्हा तिचा फोन आला. पोहोचलीस का, जेवलीस का, मी पिठाच्या हाताने फोन धरून विचारत राहिले.

"कडी लागस वं, मझारथीन," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले आणि पुढची पोळी लाटायला घेतली.