वस्तू फिरवून पाहायला शिकवणाऱ्या वत्सलाताई

वत्सलाताईंची आणि माझी पहिली ओळख माझ्या उद्धटपणाने झाली. गौरवग्रंथात लिहायचे म्हणून तो प्रसंग गाळावा असे मला वाटत नाही, कारण त्यांनी तो गेल्या अठ्ठावीस वर्षांत एकदाही कोणाला सांगितलेला नाही. तेव्हा मीच सांगून टाकतो. चिखलीच्या आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी ड्रॉइंगचा निदेशक होतो. प्रवेशाचे दिवस होते. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोके बाहेर काढलेला हातभर लांबीचा दुधी भोपळा, अशा एक तिशीच्या बाई हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बोर्डावरून मान वर न करताच म्हणालो, "प्रवेशाची खिडकी मांगच्या बाजूनं हाय बाई. पोराले संग आना."

"सर, मी प्रवेशाले नाई आली," त्या म्हणाल्या. "मी शिकवाले आली."

"काय शिकवाले?"

"कम्प्युटरवरचं ड्रॉइंग."

मी आधी त्यांच्याकडे आणि मग भोपळ्याकडे पाहिले. ताईंचे वडील मोताळ्याचे, भाजीपाला पिकवणारे, आणि तो भोपळा त्यांच्याच मळ्यातला होता, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी फक्त "बरं" म्हणालो आणि पुन्हा पेन्सिलीला टोक काढू लागलो.

माझ्या तुसडेपणाला कारण होते. त्या वर्षी संस्थेत पहिले तीन संगणक आले होते. पुढच्या वर्षापासून ड्रॉइंग बोर्डाचा विषय नावापुरता उरणार होता आणि संगणकावर त्रिमितीय आकार घडवायला शिकवू शकेल अशा एकाच पूर्णवेळ निदेशकाची जागा राहणार होती. मार्चमध्ये बाहेरचा परीक्षक येऊन माझी परीक्षा घेणार होता. उत्तीर्ण झालो तर ती जागा माझी, नाही तर मी घरी. माझे वय सत्तेचाळीस. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी बारावीत. वीस वर्षे टी-स्क्वेअर आणि पेन्सिल याखेरीज हातात काही न धरलेल्या माणसाला त्या वयात कोण दारात उभे करणार होते? मी फार घाबरलो होतो. ते कोणाला दिसू नये म्हणून मी चिडका झालो, आणि तो चिडकेपणा मात्र सगळ्या संस्थेला ऐकू जात होता.

शिक्षक-खोलीत मी त्यांना ऐकवीत असे, "मॅडम, लाइट गेली की तुमची विद्या गेली. माही पेन्सिल कंदिलातही चालते."

त्यावर ताई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "खरं हाय सर. म्हणून पह्यला आठवडा मी मशीन लावतच नाई."

मला वाटले, चेष्टा करतात. पण खरोखरच पहिला आठवडा संगणकांवरची कव्हरे निघाली नाहीत. टेबलावर दुधी, गाजर, मुळा आणि एक विळी. ताई दुधीवर बोटाने रेघ दाखवीत आणि विचारीत, "इथून कापला तं तोंड कसं दिसन? आधी काढा, मंग कापू." सरळ कापला तर गोल, हे सर्वांना येई. तिरपा कापला तर निम्मी मुले चुकत. मग काप प्रत्येकाच्या हातात फिरे. एकाने कापाच्या आकृतीत आतल्या बियासुद्धा काढल्या, तेव्हा वर्ग हसला. ताईंनी त्याची वही सगळ्यांना दाखवली आणि सांगितले की, याने आत काय आहे याचा विचार केला, तुम्ही फक्त साल पाहिली. तास संपला की ती भाजी शिपायाच्या घरी जाई. मेकॅनिकलच्या मुलांनी चिरलेल्या भाजीविषयी त्याच्या बायकोचे मत काय होते, ते मी येथे लिहीत नाही.

मला त्यांनी शिकायला कधीच बोलावले नाही. साडेचारला संस्था सुटल्यावर त्या एक संगणक चालू ठेवीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत, बस्स. तीन दिवस मी त्या दारावरून उगाच ये-जा केली. चौथ्या दिवशी, खडू शोधतो आहे असे दाखवत आत शिरलो. संगणकाच्या खोलीत खडू कशाला असेल? ताई फक्त "या सर" म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून दिली. शिकवताना त्या माझ्या पाठीशी उभ्या राहत नसत. शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःचे काही करीत राहत आणि मी अडलो की माझ्याआधी त्यांनाच कळे. मोठ्या वयात शिकायला बसलेल्याच्या मानेवर कोणाची नजर असली की त्याची बोटे लाकडासारखी होतात, हे त्यांना कसे ठाऊक होते कोण जाणे.

त्यांची एक पद्धत होती. संगणकावर पहिली वस्तू करायची ती पुस्तकातली नाही, आपल्या घरातली, आपण हातात धरलेली. कोणी कुलूप घेतले, कोणी वरवंटा. मी घेतले चाडे. आमची शेती साखरखेर्ड्याला, थोरले बंधू ती पाहतात. पेरणीच्या तिफणीवर बी सोडायचा जो लाकडी वाडगा असतो, तेच चाडे. त्याच्या तळाला तीन भोके, भोकांत वेळूच्या तीन नळ्या, आणि त्या नळ्यांतून बी तिफणीच्या, जमीन चिरत जाणाऱ्या तिन्ही दात्यांपाशी मातीत उतरते.

आठ दिवस मी ते चाडे स्क्रीनवर काढत होतो. आणि काय उतरले होते म्हणून सांगू! तिरक्या कोनातून पाहावे तसे, काठ गोलसर, आतला खोलगटपणा, तळाची तीन भोके, एका बाजूला बारीक रेघांची सावली. मी स्वतःवर इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी मुलांना गोळा केले, हेडक्लार्कनाही बोलावले, आणि छाती फुगवून म्हणालो, "पाहा बे! याले म्हनतात हात!" तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिले.

"लय सुंदर हाय सर."

"मॅडम, फिरवून दाखवा न," एक मुलगा म्हणाला.

"आज नको. मशीन तापली हाय," असे म्हणून ताईंनी चक्क संगणक बंद केला आणि वर कव्हर घातले. मला तो अपमान वाटला. इतके सुंदर काम आणि यांना दोन मिनिटे दाखववत नाही! त्या संध्याकाळी मी घरी कोणाशी धड बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारनंतर, खोलीत आम्ही दोघेच असताना, ताईंनी दार ओढून घेतले आणि म्हणाल्या, "आता फिरवा सर."

मी फिरवले. चाडे कलंडले, चपटे झाले, पापडासारखे पातळ झाले, आणि शेवटी त्याची एक आडवी रेघ उरली. मी परत फिरवले. परत रेघच. घन वस्तू समजून मी आठ दिवस एका सपाट कागदावर चित्र काढीत होतो. तो कागद फक्त काचेच्या आत होता, एवढेच. ड्रॉइंग बोर्डावर हयात घालवलेला माणूसच अशी चूक करू शकतो. नवख्या मुलाला एवढे फसवे चित्र काढताच आले नसते. ताईंना ते आदल्या दिवशी पाहताक्षणीच कळले होते. मशीन तापली नव्हती.

"काऊन झालं हो असं?" मी त्यांना विचारले.

"सर, तुमी चाडं नाई केलं, चाड्याचं चित्र काढलं. वीस वर्सं एका जागी उभं राहून वस्तू पाह्यली. आता तिच्या भोवताल फिरा."

"माह्याच्यानं नाई होनार मॅडम. मार्चले मी घरी बसतो." हे बोलताना माझे डोळे भरून आले. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी बाईंसमोर रडण्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, याचे श्रेय त्यांचेच.

त्यांनी धीराचे भाषण केले नाही. म्हणाल्या, "रविवारी गावाले जा. खरं चाडं घेऊन या."

मी ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून एसटीने घेऊन आलो. ताईंनी मला डोळे मिटायला लावले आणि भोकांतून अंगठा फिरवायला सांगितले. तिन्ही भोके सरळ खाली जात नव्हती. तीन दात्यांकडे जायचे म्हणून दोन बाहेरच्या अंगाला झुकलेली आणि मधले किंचित मागे. जन्मापासून पाहिलेल्या वस्तूतली ही गोष्ट मला तेव्हा प्रथम कळली. "आता सुतार करते तसंच करा," ताई म्हणाल्या. "आधी ओंडका. मंग आतून कोरा. मंग भोकं पाडा." मी स्क्रीनवर आधी भरीव ओंडका उभा केला, मग त्यातून वाटीएवढा गोल वजा केला, मग तीन तिरप्या दांड्या आरपार घालून त्या काढून घेतल्या. शेवटी फिरवून पाहिले. खालून पाहिले, वरून पाहिले, भोकातून पलीकडचे दिसत होते. मी लहान मुलासारखा ते अर्धा तास नुसते फिरवत बसलो होतो, आणि ताई त्यांची मोताळ्याची गाडी चुकवून शेजारी बसून होत्या.

मार्चमध्ये परीक्षक आले. भिंतीत बसवायचा एक लोखंडी आधार त्यांनी करायला दिला. काम निम्म्यावर आले आणि वीज गेली. मी फारसा डगमगलो नाही. कारण ताई वर्षभर दर दहा मिनिटांनी टेबलावर टिचकी मारून विचारीत, "सर, ठेवलं काय?" आणि काम साठवून ठेवण्याची मला सवयच लागली होती. वीज आल्यावर जिथे थांबलो होतो तिथून पुढे सुरू केले. मी उत्तीर्ण झालो. निकाल मला कळण्याआधी ताईंना कळला होता आणि त्यांनी सगळ्या खोल्यांत जाऊन तो सांगितला होता. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला आहे, असे हेडक्लार्क थट्टेने म्हणाले.

त्यानंतरची अकरा वर्षे आम्ही एकत्र शिकवले. पेन्सिल-कागद अभ्यासक्रमातून जवळजवळ गेला, तरी दर वर्षी पहिले चार तास ताई मला मुलांसमोर बोर्डावर उभे करीत. "कुठून पाह्याचं हे सरांइतकं कोनाले नाई समजत," असे त्या मुलांना सांगत. माझी आई गेली तेव्हा सकाळच्या गाडीने येऊन, घरच्या बायकांत बसून, पुन्हा तासाला वेळेवर हजर राहणाऱ्या ताई मला आठवतात. मुलीच्या लग्नात पाहुण्यांसारख्या न बसता त्या वाढायला उभ्या होत्या. त्यांच्या हाताखालची मुले आज ठिकठिकाणच्या कारखान्यांत काम करतात आणि सुटीत आली की आधी त्यांच्याकडे जातात, मग माझ्याकडे. हा क्रम मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र आज मला बोचते. माझ्या परीक्षेनंतर सात वर्षे, दुसरी जागा निघेपर्यंत, ताई तासिका तत्त्वावरच, तासांपुरत्या मानधनावर, शिकवीत होत्या. मंजुरी कुठेतरी अडकली असेल, असे मी धरून चाललो होतो. शिक्षक-खोलीत सर्वांदेखत मी विनोदही करीत असे, "मॅडम, तुमची ऑर्डर मुंबईहून पायी येऊन राह्यली का?" त्या सगळ्यांबरोबर हसत.

या ग्रंथासाठी कागदपत्रे जमवण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. गेल्या महिन्यात ताईंच्या फाइलीत मला त्यांचे पहिले नेमणूकपत्र सापडले. त्यात स्पष्ट लिहिले होते की, सध्याचे निदेशक परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पूर्णवेळ पद आपणास देण्यात येईल, अन्यथा आपली नेमणूक तासिका तत्त्वावर चालू राहील. खाली ताईंची सही होती, भोपळा घेऊन त्या माझ्या दारात आल्या त्याच्या आदल्या दिवशीची.

मी ते पत्र चारदा वाचले आणि तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. विचारले, "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन शिकवलं मले?"

ताई थोड्या चिडल्याच. म्हणाल्या, "असं काय इचारता सर? तुमी येऊन खुर्चीवर बसले. शिकनारा समोर बसला तं त्याले काय अर्धं शिकवू?" आणि चहा टाकायला आत गेल्या.

ते पत्र या ग्रंथात छापावे, अशी मी समितीला विनंती केली होती. ताईंनी ठाम नकार दिला. पत्र छापू नका म्हणाल्या, त्याविषयी लिहू नका असे म्हणाल्या नाहीत, म्हणून मी हे लिहिले. माझ्या घरी अकरा वर्षे जो पगार आला, आईचे औषध झाले, मुलगी पदवीधर झाली, ते सर्व त्यांनी स्वतःच्या सात वर्षांतून मला दिले होते आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. ताई, आभार मानायला मला उशीर झाला, पण ते मनापासून मानतो.

वत्सलाताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुर करू लागले आहेत, ते आधी बरे होवोत. डोळे आजच्यासारखेच तीक्ष्ण राहोत, मुलाबाळांत आणि विद्यार्थ्यांत त्यांची शंभरी आनंदाने भरो, हे त्या जगदंबेजवळ माझे मागणे आहे. मी पंचाहत्तरीचा, म्हणून दर दसऱ्याला त्या सोने द्यायला येतात तेव्हा वाकून माझ्या पाया पडतात आणि मी आशीर्वाद देतो. सत्काराच्या दिवशीही व्यासपीठावर त्या वाकायला येतील. त्या दिवशी त्यांच्याआधी मी वाकणार आहे. वयाचे कारण सांगून मला कोणी अडवू नये.