केस परत मागितले तेव्हा

आमच्या वाडीत कापलेले केस परक्याच्या हाती देत नाहीत. विंचरताना गळालेलेसुद्धा गुंडाळून, थुंकून मातीत पुरतात. नाहीतर कुणी करणी करील. म्हणून महाडच्या कॉलेजातले आमचे सर जेव्हा म्हणाले की कारखान्यांच्या खालच्या अंगाला, नदीकाठी राहणाऱ्या आमच्या बायकांच्या केसांतलं शिसं तपासायचंय, तेव्हा मला नको म्हणावंसं वाटलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सरांना नाही म्हणायचं कसं, तेही मला ठाऊक नव्हतं.

आधी मी माझे केस दिले; बायकांनी दिले ते माझ्याकडे बघून. चुलत वहिनीने बाळाला पाजता पाजताच मान पुढे केली. तिला एवढंच कळायला हवं होतं, की नदीकाठच्या विहिरीचं पाणी प्यावं की नाही. निकाल आला की सांगेन, असं मी म्हणाले. सरांनीच तसं सांगायला लावलं होतं.

पावसाळा सरला. निकाल आल्याचं कळलं तसं मी सरांना विचारलं. एकेकीचा आकडा द्यायचा नाही, उगाच घबराट होते, असं त्यांचं म्हणणं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुझा सांगतो. तू आपली आहेस."

माझ्या केसांत शिसं जास्त निघालं होतं. पाण्यातून आलं की आणखी कशातून, त्यावर सर काही बोलले नाहीत. ते 'आपली' मला अजून टोचतं.

त्याच संध्याकाळी कळशी घेऊन नदीकाठच्या विहिरीवर गेले. काकी नि वहिनी पाणी भरत होत्या.

"आली गो डाक्टरीण," काकी म्हणाली. "आमचे केस विकलेस कुठं?"

मी चाचरत सगळं सांगितलं, माझा आकडासुद्धा. वहिनीच्या हातातला दोर थांबला.

"तुजा सांगितला नि आमचा नाय?"

"घबराट होईल म्हणतात."

"मग आता काय आम्ही नाचतोय?"

कुणी हसलं नाही. काकी पुढे आली. "आमचे केस परत आण."

ते प्रयोगशाळेत ॲसिडमध्ये विरघळवलेत, हे मला सांगावं लागलं. काकी बाजूला थुंकली आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरली. करणी करणाऱ्या बाईपासून सरतात, तशी.

वहिनीने भरलेला हंडा तिथेच उपडा केला, बाळाला कडेवर घेतलं आणि तोच हंडा घेऊन डोंगरातल्या झऱ्याची चढण धरली. मीही रिकामी कळशी घेऊन मागे निघाले. तिने 'ये' म्हटलं नाही, की मागे वळून पाहिलं नाही.