पाणी मारणारा

"जरा पाणी मारून येतो, भाऊसाहेब."

कुठलंही अवघड बोलणं निघालं की तो एवढंच म्हणायचा आणि उठायचा. आमच्या साइटवर भांडणं रोजची. सेंट्रिंगवाल्यांचं प्लास्टरवाल्यांशी, प्लास्टरवाल्यांचं लादीवाल्यांशी आणि सगळ्यांचं मिळून ठेकेदाराशी. त्यातल्या एकाही भांडणात हा माणूस कुणाला सापडला नाही. भांडण रंगात येईपर्यंत हा पाइपाचं वेटोळं खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर पोचलेला असायचा.

मुलुंड पूर्वेला एक जुनी सोसायटी पाडून तिथे टॉवर उभा राहत होता. मी तिथे टाइमकीपर होतो. हुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण काम म्हणजे पत्र्याच्या खोलीत बसून हजेरीचं मस्टर भरायचं. कोण आला, किती वाजता आला, किती वाजता गेला. साइटवर मला कुणी नावाने हाक मारत, कुणी 'ओ मस्टर' म्हणत. भाऊसाहेब म्हणणारा तो एकटाच. हिंगोलीकडचा माणूस. तिकडे कागद लिहिणाऱ्या कुणालाही भाऊसाहेब म्हणतात, हे मला बरंच नंतर कळलं. तोवर मी स्वतःला उगाच मोठा समजत होतो.

त्याचं काम पाणी मारण्याचं. तुमच्या शेजारी बांधकाम चालू असेल तर कधी सकाळी खिडकीतून बघा. स्लॅब टाकला, खांब भरला, भिंतीला प्लास्टर झालं, की ते आठ-पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं. सिमेंट आतून तापतं. पाणी मिळालं नाही तर तडकतं. इंजिनिअर लोक याला क्युरिंग म्हणतात. तो नुसता तळवा भिंतीला टेकवायचा, पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि म्हणायचा, "हिला अजून ताप हाय."

दिवसातून तीनदा पाणी. उन्हाळ्यात चारदा. पहिलं पाणी ऊन चढायच्या आत, म्हणून तो पाचला उठायचा. शेवटचं पाणी संध्याकाळी, म्हणून आठच्या सुमाराला खाली उतरायचा. मध्ये काय करायचा? पंपाला जोर नव्हता, वरच्या मजल्यांवर पाणी चढायचं नाही, मग पिंपं भरून ठेवायचा. खांबांना गोणपाट गुंडाळायचा. स्लॅबवर पाणी साचून राहावं म्हणून मातीची आळी बांधायचा, कुणी पाय देऊन ती मोडली की पुन्हा बांधायचा. प्रत्येक खांबावर तो खडूने तारीख घालायचा. शाळा चौथीपर्यंत, पण आकडे टपोरे. कुठल्या खांबाचे किती दिवस झाले हे त्याला तोंडपाठ असायचं.

स्वतःचे दिवस मात्र त्याने कधी मोजले नाहीत. ते मोजायचं काम माझं होतं आणि मी ते कसं केलं तेच सांगायला बसलो आहे.

ठेकेदाराचा नियम सोपा होता. प्रत्येकाच्या नावापुढे 'नऊ ते सहा' लिहायचं. एक तास जेवणाचा वजा, राहिले आठ. रविवारी सुट्टी, कागदावर तरी. शनिवारी दुपारीच मी पुढच्या आठवड्याचं मस्टर भरून ठेवायचो, इतकं ते सोपं होतं. आठ तासांचं सरकारने ठरवलेलं किमान वेतन ठेकेदार नेमाने द्यायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. "मी कुणाचा एक रुपया मारत नाही," तो छाती ठोकून सांगायचा. पाणीवाला आठवड्याचे सातही दिवस पाच ते आठ राबतो हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण तो साइटवरच राहतो, झोपतो, मग त्याचे तास कसले धरायचे, असं एक उत्तर आमच्याकडे तयार होतं.

त्याची बायको आणि मुलगी मानखुर्दला राहायच्या. त्याला घरी जायला मिळायचं नाही म्हणून मुलगीच दर रविवारी डबा घेऊन दोन बस बदलून यायची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप वरून उतरेपर्यंत ती गेटजवळ थांबायची आणि तिथे टांगलेला बोर्ड वाचायची. किमान वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा तासांना दुप्पट दर, असं सगळं त्यावर रीतसर लिहिलेलं होतं. वॉचमन त्या बोर्डावर टॉवेल वाळत घालायचा. ती टॉवेल बाजूला करून वाचायची.

एका रविवारी ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, बाबांचे तास तुम्ही लिहिता ना?"

"हो."

"मग पंधरा का नाही लिहीत?"

"अगं, सांगतात तसं लिहितो. माझ्या हातात काय आहे?"

"पेन आहे ना," ती म्हणाली.

मुंबईत वाढलेली मुलगी, तिला भीड नव्हती. मला राग आला, आणि राग येण्याचं कारण ती खरं बोलत होती हे होतं. बाप मध्ये पडला. "राहू दे गं. भाऊसाहेबांचीबी नोकरी हाय." मग माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि म्हणाला, "जरा पाणी मारून येतो."

त्याने मला नंतर सांगितलं की ती डबा घेऊन त्याच्या खोपीत आली की त्याच्याशी भांडते. पत्र्यावर लावलेल्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट दाखवते आणि विचारते, बाबा, आठ तास कुणी आणले ते ठाऊक आहे ना? रोज हात जोडता आणि पंधरा तास राबता? "मी आपला डबा उघडतो बघा," तो म्हणाला. "तिचं एकच म्हणणं हाय, माझे तास कागदावर आले पाहिजेत. पैसे मिळोत न मिळोत. कागदावर आले पाहिजेत."

तिनेच तक्रार केली. महिन्याभराने कामगार खात्याचे एक अधिकारी आले. शांत, सरळ गृहस्थ. त्यांनी ठेकेदाराला बाहेर थांबायला सांगितलं आणि पाणीवाल्याला माझ्या खोलीत बोलावलं. मस्टर दाखवायला म्हणून मी तिथेच होतो. त्याने पाय पुसले, खुर्चीवर बसला नाही.

"रोज किती तास काम करता? घाबरू नका. खरं सांगा."

मुलीनेही त्याला हेच बजावलं होतं, खरं सांगा. आणि हा माणूस खरं सांगायच्या मागे लागला. बोटांच्या पेरांवर त्याने मोजलं. ओठ हलत होते. अधिकारी थांबले. मीही थांबलो.

"एका टायमाला तासभर पाणी सुटतं," तो म्हणाला. "तीन टाइम. ऊन लई असलं तर चार."

"म्हणजे तीन-चार तास?"

"हां जी. खरं सांगायचं तर तेवढंच."

तुम्हाला हसू येईल. मलाही क्षणभर आलं होतं. पाइप वाहून नेणं, पिंपं भरणं, आळी बांधणं, पंपाची वाट बघत नवव्या मजल्यावर उभं राहणं, हे त्याच्या हिशेबी काम नव्हतंच. पाइपातून पाणी पडतं तेवढं काम. बाकी सगळं नुसतं तिथे असणं. गावाकडे विहिरीवर मोटर चालू असते तेवढंच भिजवणं धरतात, तसं त्याने धरलं.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे रोज असता. बरोबर आहे हे?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. खिडकीबाहेर ठेकेदार फोनवर बोलत उभा होता. माझ्या घराचा हप्ता होता, बायकोची औषधं होती. कारणं सांगायला गेलं तर कुणाकडेही असतात.

"ते सांगतात तसंच," मी म्हणालो.

ठेकेदाराचा आनंद मावेना. "अरे यार, चार तास! स्वतःच बोलला ना तो? मग फुल डे कशाला देतोय मी? वाट लागली ना माझी इतके दिवस." पुढच्या एक तारखेपासून पाणीवाल्याच्या नावापुढे मी 'नऊ ते एक' लिहायला लागलो. अर्धा दिवस, अर्धा रोज. सगळं कायद्यात बसणारं.

मुलगी बापाशी पंधरा दिवस बोलली नाही. डबा घेऊन यायची, ठेवायची, जायची. तो माझ्याजवळ येऊन बसला एकदा. "भाऊसाहेब, खोटं कसं सांगू? तेवढा वेळ तर मी नुसता असतो वर." त्याला समजावणं मला जमलं नाही. समजावायला गेलो असतो तर त्या दिवशी गप्प का बसलो हे आधी सांगावं लागलं असतं.

मला वाटलं होतं, आता तरी तो नऊला उठेल, एकला उतरेल. पण तो पाचलाच उठायचा. मी विचारलं तर म्हणाला, "भिंतीला काय ठाऊक, माझा पगार अर्धा झालाय ते?"

एवढा एक फरक पडला. आधी तो दुपारी डबा खाताना दहा मिनिटं सावलीला टेकायचा. आता उभ्यानेच खायला लागला. अर्ध्या दिवसाचा माणूस बसलेला दिसला तर लोक काय म्हणतील, असं त्याला वाटत असावं. त्याचं ते उभं राहून खाणं मला बघवायचं नाही. मी खिडकीकडे पाठ करून बसायचो.

मार्च सुरू झाला होता. पहाटे पावणेसहाच्या सुमाराला तो दहाव्या मजल्यावर चढत होता, खांद्यावर पाइप. जिन्याला अजून कठडा नव्हता, दिवा नव्हता, आणि पायऱ्या त्याच्याच पाण्याने ओल्या होत्या. पाय घसरला आणि तो जिन्याच्या मोकळ्या बाजूने दोन मजले खाली गेला. वॉचमनने पाइप वाजल्याचा आवाज ऐकला.

खुबा मोडला, बरगड्या गेल्या. महापालिकेच्या इस्पितळात ठेवलं. ठेकेदार एकदा जाऊन संत्री देऊन आला आणि परत आल्यावर त्याने माझ्याकडून मस्टर मागून घेतलं. "नऊची ड्यूटी," तो पानावर बोट ठेवून म्हणाला. "पावणेसहाला वर काय करत होता तो? कामावर नव्हताच ना. नुकसानभरपाई कसली?"

दुसऱ्याच दिवशी अकराव्या मजल्याचा स्लॅब कोरडा पडायला लागला. ठेकेदाराने नवा माणूस आणला. त्याने चार दिवसांत हात टेकले. एकट्याचं काम नाही म्हणाला. मग आणखी एक आणला. एक पहाटे पाच ते दुपारी एक, दुसरा दुपारी एक ते रात्री नऊ. दोघांना पूर्ण रोज, रविवारी बदली माणूस. मी मस्टरमध्ये दोन नावं लिहिली.

हे त्याला सांगावं की नाही, याचा मी इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून बराच विचार केला. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. तो छताकडे बघत पडला होता. मला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"माझीच चूक," तो म्हणाला. "अंधार होता. ड्यूटी नऊची, मी आपला आधी गेलो."

मग मी सांगितलं. तुझ्या जागी दोन माणसं ठेवली आहेत, रविवारी तिसरा येतो.

"दोन?"

"दोन."

तो पुन्हा छताकडे बघायला लागला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते त्याने पुसलं नाही. मग हळू म्हणाला, "म्हणजे मी कामचुकार नव्हतो, भाऊसाहेब."

अर्धा रोज लागला तेव्हापासून हा माणूस स्वतःला कामचुकार समजत होता. मी त्याचा हात धरला. पाण्याने भेगाळलेला, खरखरीत हात होता. मी म्हटलं, नव्हतास रे. एवढंच म्हटलं. जे म्हणायचं होतं ते त्याच्यासमोर नव्हे, दुसऱ्याच एका माणसासमोर म्हणायला हवं होतं, आणि तो दिवस गेला होता.

अकराव्या दिवशी तो गेला. न्यूमोनिया झाला, म्हणाले.

मुलीने भरपाईचा दावा लावला. प्रश्न एकच होता, पडला तेव्हा तो कामावर होता की नव्हता. ती मला साक्षीला बोलवायला आली तेव्हा मी हो म्हणालो. नोकरी त्याच महिन्यात गेली. त्याचं मला कौतुक नको आहे. ते आधी व्हायला हवं होतं.

सुनावणीच्या दिवशी मी सगळं सांगितलं. पाच ते आठ, सातही दिवस, काय काय काम करायचा ते एकेक. मग ठेकेदाराचा वकील उठला. त्याने माझ्यासमोर मस्टर उघडून धरलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा खोटं लिहिलं," मी म्हणालो.

त्याने पानं उलटायला सुरुवात केली. नऊ ते सहा, नऊ ते सहा, नऊ ते एक. सगळी माझी. सुनावणी घेणारे साहेब चष्मा वर करून कधी त्या पानांकडे, कधी माझ्याकडे बघत होते. पुढची तारीख पडली. दावा अजून चालू आहे.

बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्यांवर थांबलो. ती फाइलमध्ये कागद नीट लावत होती. मला वाटलं, आता ती मला काहीतरी बोलेल, आणि बोलली तर बरं होईल. ती म्हणाली, "काका, तुम्हाला एक सांगू? मी तुमच्यावर चिडायचे ना, तेव्हा बाबा मला गप्प करायचे. म्हणायचे, लिहिणारे आपले भाऊसाहेब हायेत, ते माझं वाईट लिहिणार नाहीत."