वीतभर जीपचे चार कारागीर

लोखंडाच्या छोट्या गाड्या जोडायचा नाद लागला की वर्षभरात गाड्या होतात चार आणि किस्से होतात पन्नास. गाडी निदान कपाटात ठेवता येते. किस्से कुठं ठेवायचे? म्हणून सांगून टाकतो.

आम्ही चौघं, सगळे मूल या गावात राहणारे. मी पंचायत समितीतला रिटायर्ड कारकून. वासनिक सर शाळेत चित्रकला शिकवतात, पहिला किट त्यांनीच मागवला. सुधाकरभाऊ राइस मिलमध्ये फिटर. आणि लालसूभाऊ मूळचे एटापल्लीकडचे, आलापल्लीला वनखात्याची जीप चालवून रिटायर झाले आणि आता इथं लेकीकडे राहतात.

आम्हा तिघांना हौस होती. लालसूभाऊंना लकवा झाला होता, उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणाले, "बोटांना बारीक काम द्या. हात चालताना दिसला की लायसन्सच्या फॉर्मवर सही करतो."

लालसूभाऊंची स्वतःची जुनी जीप लेकीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ती चालवत त्यांना गावी जायचं होतं. "जिंदगीभर साहेब लोकाईले बसवून फिरवलं. आता गावात कोणाच्या मांगं बसून जाऊ का मी?" त्यांना दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

* * *

पहिला किट उघडला. पोलादी पत्र्याचे तुकडे, मोहरीएवढे स्क्रू आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत अक्षर एक नाही, नुसती चित्रं. सुधाकरभाऊंनी ती मिटून सरांच्या हातात दिली.

"चित्र पाहून मिल बसवली का मी?"

अर्ध्या तासात त्यांनी गाडी उभी केली. सात स्क्रू उरले. "कंपनीवाले जास्तीचेच देतेत," ते म्हणाले.

सरांनी कौतुकानं गाडी उचलली. चाकं टेबलावरच राहिली.

सुधाकरभाऊंनी चाकांकडं पाहिलं, मग सरांच्या हाताकडं पाहिलं. "पण बॉडी कशी मजबूत बसली, सांगा बरं!"

* * *

मिलमध्ये एक रीत आहे. नट बसला की वरून अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आणखी द्यायचा, नाहीतर मशीन हादरून तो ढिला होतो. ही रीत सुधाकरभाऊंच्या मनगटात उतरलेली. मोहरीएवढ्या स्क्रूलाही ते अर्धा आटा द्यायचे. कट्ट! मुंडी एकीकडं, स्क्रू एकीकडं.

"भाऊ, हे मिल नाही," सर कळवळून म्हणाले.

"ढिली ठेवू का मंग? उद्या ॲक्सिडंट झाला तं?"

सरांनी त्या दिवसापासून त्यांच्याकडं फक्त पत्रे घासायचं काम दिलं.

* * *

एकदा आमच्या घरी बसलो होतो. माझ्या हातून स्क्रूची डबी उलटली, ती नेमकी शेजारी निवडायला ठेवलेल्या तांदळाच्या परातीत! चौघंही चष्मे लावून शोधतोय. सुधाकरभाऊंनी मिलमधून लोहचुंबक आणायचा विचार केला. ते चुंबक उचलायलाच दोन माणसं लागतात.

बायको आतून आली. आम्हाला उठवलं, तांदूळ सुपात घेतले, चार वेळा पाखडले आणि सगळे स्क्रू कडेला काढून माझ्या तळहातावर ठेवले. वर म्हणाली, "यातले दोन वेगळे हायेत. लांबट. थे कुठचे?"

पुस्तिका काढून पाहिली. खरंच दोन लांबट होते, इंजिनाचे. आम्ही ते महिनाभर चाकाला बसवायचा प्रयत्न करत होतो.

तेव्हापासून नवा किट आला की आधी तिच्या सुपात जातो.

* * *

दसऱ्याला सुधाकरभाऊंनी आमच्या चौघांच्या चार गाड्यांची पूजा करायची ठरवली. मिलमध्ये मशीनची होते, अंगणात मोटारसायकलची होते, मग यांनीच काय घोडं मारलंय? हळद, कुंकू, झेंडूचं फूल. फूल गाडीपेक्षा मोठं. मग समोर नारळ फोडला. सुधाकरभाऊंचा हात! पाणी थेट चारही गाड्यांवर. गाड्यांना अजून रंग दिलेला नव्हता. पुसणार कोण, पूजेचं पाणी ते!

चार दिवसांत सगळ्या गाड्या गंजून तांबड्या.

वासनिक सर त्या दिवशी दीक्षाभूमीवर नागपूरला गेले होते. आल्यावर त्यांनी आपली गाडी पाहिली. "माझी काऊन घेतली पूजेत?"

"तुमची एकटीच बाजूले कशी ठेवाची, सर? वाईट दिसते."

पुढचे तीन रविवार चौघंही पॉलिश पेपरनं गंज घासत बसलो होतो.

* * *

लालसूभाऊंच्या जीपला सरांनी जीव ओतून रंग दिला. हिरवागार, आरशासारखा. लालसूभाऊंनी जीप हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"ही कोणाची?"

"तुमची! वनखात्याची!"

"माही अशी नव्हती." त्यांनी हातोडी घेतली आणि डाव्या मडगार्डवर एक ठोका घातला. सरांचा चेहरा पाहवेना. लालसूभाऊ मात्र खूश. "सागाच्या बुंध्याले घासली होती मी. आता वळखू येते!"

* * *

मागच्या सोमवारी ती जीप घेऊन आम्ही चौघं डॉक्टरांकडं गेलो. लालसूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात फॉर्म.

डॉक्टरांनी जीप टेबलावर फिरवून पाहिली. दारं उघडत होती, चाकं वळत होती. "वा! हे सगळं उजव्या हातानं?"

आम्ही तिघं भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागलो. आठ महिने आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, कानस, सगळं डाव्या हातात. उजवा हात पत्रा हलू नये म्हणून वर नुसता ठेवलेला. बोलायची हिंमत कोणाचीच झाली नव्हती.

"नाई साहेब. डाव्यानं," लालसूभाऊ म्हणाले.

"मी उजव्याला काम द्या म्हटलं होतं ना?"

"गेअर डाव्याच हातानं टाकतेत, साहेब."

"आणि स्टेअरिंग?"

लालसूभाऊंनी खिशातला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला सरकवला आणि स्वतःचा उजवा हात पुढं केला. "दाबा."

लालसूभाऊंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून डॉक्टरांच्या हातात दिला. ओठ आवळले. बोटं हळूहळू मिटली. आणखी मिटली. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"अरे, पकड आहे की! चांगली आहे!"

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. सुधाकरभाऊ तर उठून उभेच राहिले.

"बस, बस. सोडा आता," डॉक्टर म्हणाले.

लालसूभाऊ आपल्या हाताकडं पाहत राहिले. "दाबता येते, साहेब. सोडनं अजून शिकून राह्यलो."

डॉक्टरांनी हात ओढून पाहिला. निघेना. पुन्हा ओढला.

"अहो, मला सही करायचीय!"

लालसूभाऊंनी टेबलावरचं पेन डाव्या हातानं उचललं आणि डॉक्टरांच्या डाव्या हातात दिलं.

"डाव्यानं करा ना, साहेब. जमते. आठ महिने लागतेत फक्त."