अमेरिकेचा भाईजान आणि शेलारच्या बायका

कापडाच्या लूमच्या शेजारी राहणाऱ्यांना ठाऊक आहे, खिडकीत रुई कशी साचते. सकाळी झाडून घ्या, दुपारी परत पांढरी पट्टी हजर. आमच्या वाचन मंडळाचे किस्से तसेच साचलेत. मी सातवी शिकलेली, मुद्दाम काही जपून ठेवलं नाही. झाडायचं राहून गेलं, एवढंच.

मंडळ म्हणजे आमच्या शेलार गावच्या अंगणवाडीत गुरुवारी दुपारी जमणाऱ्या आम्ही चारपाच बायका. पोरं घरी गेली की अंगणवाडीच्या सुजाताताई मोठ्यानं पुस्तक वाचतात, आम्ही ऐकतो. ताई बाहेरून एम.ए. करतायत.

माझा आरव दीड वर्षाचा. आमच्या खोलीची भिंत लूमच्या शेडला लागून. पलीकडं खटखट चालू असली की हा गाढ झोपतो, सासूबाई जवळ बसतात. तो झोपला की तेवढा वेळ माझा. दिवसात तेवढाच. त्यातही अर्धा जीव घरी असतो, उठला असेल का, पडला असेल का.

या वर्षी ताईंनी एका अमेरिकन लेखकाची जाड कादंबरी आणली, मराठीत केलेली. तिकडचा आत्ताचा फार मोठा लेखक म्हणे, ताईंना अभ्यासाला आहे. त्या म्हणाल्या, लेखक समजायचा तर आधी त्याचं गाव, घरदार, रीतभात समजली पाहिजे.

हे हिराकाकीला लगेच पटलं. काकी आमच्यात सगळ्यात मोठी. तिनं स्थळ आल्यासारखी चौकशी सुरू केली. मूळ गाव कुठलं, भाऊ किती, घर स्वतःचं का भाड्याचं. ताईंनी सांगितलं, त्याचे आजोबा पोटासाठी बोटीनं परमुलखातून आले, कापडाच्या गिरणीत लागले, पोरांनी तिथलीच भाषा उचलली.

नसीमा आमच्या मंडळातलीच. तिचा नवरा युपीहून लूमवर आलेला, मुलं मराठी शाळेत जातात. ती म्हणाली, "फिर तो वो अपना भाईजान हुआ."

तेव्हापासून लेखकाचं खरं नाव कुणी घेतलं नाही. भाईजाननी पुढं काय लिवलंय, एवढंच.

*

तिकडं नोव्हेंबरात एक सण असतो. सगळी भावंडं आईबापाच्या घरी जेवायला येतात. भाईजाननी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलंय, आणि त्यात माणसं मीठ दे, लोणी दे, यापलीकडं बोलतच नाहीत. ताई म्हणाल्या, इथं जे बोललेलं नाही ते ऐकायचं.

"जागेची वाटणी न्हाय झाली," हिराकाकी म्हणाली.

कशावरून, ताईंनी विचारलं. काकीचं म्हणणं, गोदामाला जागा दिल्यापासून तिचा दीर गौरीला असाच जेवतो. मीठ मागतो, तोंडाकडं बघत नाही.

पुढच्या गुरुवारी कळलं की भांडण जागेचं नव्हतंच, बापाच्या दारूचं होतं. काकी काही बधली नाही. म्हणाली, "भाईजानला घरच्यांनी सांगितलं नसंल."

*

कादंबरीत गिरणीचा मालक आहे. भाईजाननी त्याला चांगलाच वाईट रंगवलाय. इकडं कामगार काढतो, तिकडं घरामागं गरम पाण्याच्या टाकीत ग्लास घेऊन बसतो. वाचताना ताई रागानं एकेक शब्द ठासत होत्या. आम्ही मात्र हळहळत होतो.

आम्हाला गरम पाणी म्हणजे अकलोलीचं कुंड. तिथं जातं कोण? सांधे धरलेले, नाहीतर अंगाला खाज सुटलेले.

काकी म्हणाली, बिचारा, एवढा पैसा आणि अंगाला चैन नाही. ताईंनी परोपरीनं समजावलं की तिकडं लोक मौजेसाठी बसतात.

"मे महिन्यात?" काकीनं विचारलं.

पुस्तकात मे महिनाच होता. ताईंनी पान उलटलं. त्यानंतर तो मालक आला की कुणीतरी विचारायचंच, गुडघे कसे आहेत आता.

*

तोवर मीही हसत होते. मग आमच्या शेडच्या मालकानं लूम भंगारात काढले. नवऱ्याची ड्युटी गेली, तो शेजारच्या वळ गावच्या गोदामांत काम विचारत फिरतोय. आणि आमची भिंत गप्प झाली. आरव झोपेना. डोळा लागला की दचकून उठायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुलाला काही नाही. मला काय झालंय ते कुणी विचारलं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात पुस्तकातली गिरणी बंद पडली. भाईजान लिहितात, मशीन थांबली आणि सगळ्या गावाची झोप उडाली. ताई सांगू लागल्या, अभ्यासक म्हणतात, ही शांतता म्हणजे आजच्या माणसाचं एकटेपण.

"असंल," मी म्हटलं. "पण आधी पोरं उठली असतील."

एवढं बोलले आणि निघाले. घरून सासूबाईंचा फोन आला होता.

*

शेवटच्या प्रकरणाला मी जाणारच नव्हते. आरव सकाळपासून किरकिरत होता, सासूबाई थकल्या होत्या. नसीमा दारात येऊन म्हणाली, "उसको भी ले चल."

ताईंच्या दोन ओळी वाचून झाल्या नाहीत तोवर त्यानं सूर लावला. मी उठले. नसीमानं माझा हात धरून खाली बसवलं आणि मागच्या पत्र्याच्या कपाटावर तळवा मारायला लागली. खट्याक खट, खट्याक खट. नवऱ्याच्या लूमची चाल तिला पाठ. हिराकाकीनं कपाटाचं दुसरं दार धरलं. मग सगळ्याच लागल्या, कुणी पेटीवर, कुणी पाटावर.

आरव रडता रडता थांबला. इकडंतिकडं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

आता थांबायचं कसं? कुणी हात काढेना. ताईंनी आवाज चढवला, मग त्यांचा घसा बसला, मग नुसते ओठ हलताना दिसत होते. त्यांनी पान उलटलं की आम्ही माना डोलवायचो. आख्खं प्रकरण तसंच झालं.

ताईंनी पुस्तक मिटलं. हिराकाकीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काही समजलं का?"

काकीचा हात कपाटावर चालूच होता.

"भाईजाननी बरोबर लिवलंय," ती म्हणाली.